वकिलाची पलटण

आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली आहे. साताऱ्याच्या अंगाला आणि खाली कोकणात अशा पाट्या बऱ्याच गावांत सापडतील. मी लहान होतो तेव्हा ती वाचता यायची नाही, कारण अक्षरं इंग्रजी. पाचवीत इंग्रजी सुरू झालं तसं मास्तरांनी एक दिवस सगळा वर्ग चावडीपुढं उभा केला आणि अर्थ सांगितला. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतकी माणसं गेली, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. झालं. दोन आकडे. नाव एकाचंही नाही.

त्या दुसऱ्या आकड्यात आमच्या घरातला एक जण आहे. माझ्या आजोबांचा थोरला भाऊ. मराठा पलटणीत शिपाई होता आणि कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडला, एवढंच आम्हाला माहीत. त्याचं पुढं सांगेन. आधी ज्या माणसासाठी हे लिहायला बसलो त्याचं सांगतो. तो ना आपल्या गावचा ना मुलखाचा. अमेरिकेतला वकील होता. पण गेल्या दिवाळीपासनं तो माझ्या डोक्यातनं जात नाही.

झालं असं. माझी धाकटी लेक साताऱ्याला वकिली करते. दिवाळीला आली होती. ओसरीवर बसलो होतो, बांधाच्या दाव्याचा विषय निघाला आणि तिचा मामा तिला चिडवायला म्हणाला, "वकिलाचं काय गं, कोटात बोलायचं नि फी घ्यायची. बंदूक धरायला लावली तर पैली धूम ठोकंल."

ती म्हणाली, "मामा, असं म्हणू नका. एका वकिलाची गोष्ट सांगते, मग बोला."

ती गोष्ट तिनं तीन संध्याकाळी सांगितली. तिच्याकडं इंग्रजी पुस्तकं होती, ती समोर धरून ती मराठीत सांगायची. मी मधी मधी थांबवून विचारत होतो. मामा पहिल्याच रात्री झोपला. मी मात्र वहीत टिपून घेतलं, त्यावरनं हे लिहितोय.

चार्ल्स व्हिटलसी त्याचं नाव. जन्म २० जानेवारी १८८४, विस्कॉन्सिन राज्यातल्या फ्लोरेन्स गावचा. पुढं घरदार मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डला आलं, तिथंच तो वाढला. विल्यम्स कॉलेजातनं १९०५ साली पदवी, हार्वर्डमधनं १९०८ साली कायद्याची पदवी, आणि मग न्यूयॉर्कला वकिली. कॉलेजातल्या एका मित्रासोबत भागीदारीत ऑफिस टाकलं होतं. अंगानं उंच, काटकुळा, डोळ्याला चष्मा. बोलणं कमी, आवाज हळू, आणि रीतभात इतकी खानदानी की कॉलेजात पोरं त्याला 'काउंट' म्हणायची, म्हणजे आपल्याकडं 'सरदार' म्हणून चिडवतात तसं. तरुणपणी काही दिवस समाजवादी पक्षातही होता. लग्न केलं नाही. असा माणूस आपल्या तालुक्याच्या कोर्टात असता तर पक्षकारांनी त्याला वकीलपत्र दिलं नसतं. आपल्या लोकांना आरडाओरडा करणारा वकील लागतो.

अमेरिका युद्धात उतरली १९१७ च्या एप्रिलमध्ये. त्याच्या आदल्या वर्षी, शिकलेल्या माणसांना हवालदारी-अधिकारी शिकवायचा एक कँप प्लॅट्सबर्गला भरायचा, तिथं हा स्वतःहून गेला होता. १९१७ च्या ऑगस्टमध्ये कॅप्टन झाला. ३०८ वी पायदळ रेजिमेंट, ७७ वी डिव्हिजन. ही डिव्हिजन सगळी न्यूयॉर्क शहरातल्या पोरांची. दंडावर स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचं चिन्ह. त्यात इटालियन, पोलिश, ज्यू, आयरिश, चिनी, कोण नव्हतं? शिंपी, न्हावी, हमाल, फेरीवाले. त्या डिव्हिजनमध्ये बेचाळीस भाषा बोलल्या जायच्या असं म्हणतात. हुकूम इंग्रजीत सुटायचा आणि ऐकणाऱ्यातल्या कित्येकांना इंग्रजी धड यायचं नाही.

त्यात १९१८ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये माणसं पडली, ती जागा भरायला पश्चिमेकडच्या राज्यांतनं नवी पोरं आली. शेतावरची, गुरं राखणारी. कित्येकांचं शिक्षण अर्धवट, काहींनी हातबॉम्ब कधी फेकलेला नव्हता. गल्लीतली पोरं आणि रानातली पोरं अशी एकत्र झाली आणि त्यांच्यावर हा चष्म्यातला वकील. लांब ढांगा टाकत पुढं चालायचा म्हणून पोरांनी त्याला 'दौडणारा चार्ली' असं नाव ठेवलं होतं. सप्टेंबरात त्याला मेजरची बढती मिळाली.

२६ सप्टेंबर १९१८ ला आर्गोनची लढाई सुरू झाली. आर्गोन म्हणजे फ्रान्सच्या ईशान्येकडचं दाट रान. ओढे, घळी, झाडोरा, आणि जर्मन लोक तिथं चार वर्षं मुरलेले. तारांची कुंपणं, मशिनगनचे अड्डे, सगळं पक्कं करून बसलेले. दोन दिवसांतच, म्हणजे २८ तारखेला, व्हिटलसी आपल्या तुकडीसकट पुढं गेला आणि मागची वाट जर्मनांनी तोडली. त्या वेळी ३० तारखेपर्यंत अडकून राहिला आणि सुटला. हे लक्षात ठेवायला पाहिजे. एकदा भाजलेला माणूस होता तो.

२ ऑक्टोबरला सकाळी पुन्हा हुकूम आला, पुढं चला. त्याच्या बरोबरीला दुसऱ्या बटालियनचा कॅप्टन जॉर्ज मॅकमर्ट्री होता. तोही हार्वर्डचाच. हाडापेरानं मजबूत, वीस वर्षांपूर्वी क्युबाच्या लढाईत गेलेला, म्हणजे मुरलेला गडी. दोघांनी कर्नलला सांगितलं की माणसं थकलीत, कमी पडलीत, आणि डाव्या-उजव्या बाजूची माणसं आपल्यासंगं पुढं आली नाहीत तर आपण परवाच्यासारखे कोंडले जाऊ. कर्नलला पटलं. त्यानं ते ब्रिगेडियर जनरलच्या कानावर घातलं. ब्रिगेडियरनं डिव्हिजनच्या जनरलला, मेजर जनरल अलेक्झांडरला सांगितलं. वरनं उत्तर आलं ते एकच. बाजूंची फिकीर न करता पुढं जा.

माझी लेक इथं थांबली आणि म्हणाली, "अण्णा, बघा, तीन कोर्टांत अपील झालं, तिन्ही ठिकाणी फेटाळलं, आणि सगळं एका सकाळीत."

व्हिटलसी कर्नलला म्हणाला म्हणे, ठीक आहे, हल्ला करतो, पण माझ्याकडनं तुम्हाला पुन्हा काही ऐकू येईल की नाही ते सांगता येत नाही.

मला वाटतं, त्याची वकिली इथंच दिसते. हरकत घ्यायची ती हुकमाआधी. ती नोंदवायची, वरपर्यंत न्यायची. फेटाळली की हुकमाचा अंमल करायचा, आणि तोही कसा, तर अक्षर न् अक्षर. दुसरा एखादा असता तर रानात कुठं तरी बसून राहिला असता आणि संध्याकाळी कळवलं असतं की फार विरोध झाला. त्या दिवशी आजूबाजूला तसंच झालं. डावीकडचे फ्रेंच अडले, उजवीकडचे अमेरिकन अडले. हा एकटा वाट सापडली तसा घुसत गेला आणि संध्याकाळपर्यंत ठरल्या जागी पोचला. शार्लव्हो नावाचा ओढा आहे, त्याच्या पलीकडच्या चढावर. वरती रस्ता, खाली ओढा, मधी उतार. तिथं त्यांनी खड्डे खणले.

जागेची लांबी-रुंदी लेकीनं यार्डात सांगितली. मी एकरात मोजली. साडेतीनशे यार्ड लांब, पाऊणशे यार्ड रुंद, म्हणजे सव्वापाच-साडेपाच एकर. आमची ओढ्याकाठची पट्टी जवळजवळ तेवढीच आहे, आणि तीही अशीच उताराची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टीच्या वरच्या बांधावर जाऊन उभा राहिलो आणि हिशोब करून बघितला. साडेपाचशे माणसं या पट्टीत. थोड्या थोड्या अंतरावर एक खड्डा, खड्ड्यात दोन-तीन जण. वरच्या बांधावर जर्मन, ओढ्यापलीकडं जर्मन, दोन्ही बगलांना जर्मन. खाली ओढ्याचं पाणी दिसतंय आणि ओढ्यावर मशिनगनचा नेम धरलेला.

३ तारखेच्या सकाळपर्यंत वेढा पक्का झाला. मागं खबर न्यायला ठरावीक अंतरावर दोन-दोन माणसं बसवत आणली होती, ती साखळी तुटली. रात्रीत उजवीकडनं कॅप्टन होल्डरमनची एक कंपनी येऊन मिळाली, तेवढीच भर, आणि तीही आत कोंडली गेली. अंगावर ओव्हरकोट नाहीत, पांघरायला नाही, खायला बहुतेकांकडं एका दिवसाचं. डॉक्टर नाही, मलमपट्टी करणारे तीन शिपाई. व्हिटलसीनं अधिकाऱ्यांना चिठ्ठी पाठवली. आपलं काम ही जागा धरून ठेवायचं आहे, कुणी मागं सरायचं नाही, हे प्रत्येक माणसाला नीट समजावून सांगा.

बातमी धाडायला त्यांच्याजवळ फक्त कबुतरं होती. पिंजऱ्यातनं एकेक सोडत गेले. ४ तारखेला दुपारी काय झालं, तर पाठीमागनं अमेरिकन तोफा सुरू झाल्या. शत्रूवर पडायच्या त्या गोळ्या सरकत सरकत यांच्याच खड्ड्यांवर येऊन पडायला लागल्या. उतार नेमका असा, की जर्मन तोफांना तो अवघड, पण आपल्याच तोफांच्या तोंडावर. ठिकाण कुणी चुकीचं कळवलं यावर पुढं बरेच वाद झाले. त्यात मी पडत नाही. खड्ड्यात बसलेल्याला तो वाद काय कामाचा?

व्हिटलसीनं चिठ्ठी लिहिली. आम्ही अमुक रस्त्याच्या कडेला आहोत, आपल्याच तोफा थेट आमच्यावर मारताहेत, देवाच्यान थांबवा. कबुतरं राहिली होती दोन. एक तर चिठ्ठी बांधायच्या आतच हातातनं निसटलं. शेवटचं उडालं आणि जवळच्या झाडावर जाऊन बसलं! इकडं गोळे पडताहेत आणि मेजर आणि कबूतरवाला शिपाई त्या पाखराला दगड मारून हाकलताहेत. शेवटी झाडाला धरून हलवलं तेव्हा ते गेलं. जाताना त्याला गोळी लागली, पायाची चिंधी झाली, छातीला जखम झाली, तरी पोचलं, अशी गोष्ट सांगतात. शेर अमी म्हणतात त्या कबुतराला, म्हणजे फ्रेंचमध्ये 'लाडका मित्र'. पेंढा भरून त्याला वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवलंय. ती चिठ्ठी त्यानंच नेली की दुसऱ्यानं, यावर जाणकारांत एकमत नाही असंही लेक म्हणाली. पण तोफा थांबल्या.

पुढचे दिवस भुकेचे. मेलेल्यांच्या पिशव्या चाचपायच्या. मेलेल्यांच्या जखमांवरच्या पट्ट्या सोडवून जित्यांना बांधायच्या, त्या संपल्या तशा पायाला गुंडाळायच्या पट्ट्या फाडायच्या. पाण्याला अंधारात सरपटत जायचं, आणि गेलेला परत येईलच असं नाही. प्रेतं पुरायला अंगात ताकद उरली नाही. जखमींना व्हिटलसीची विनवणी एकच असायची की ओरडू नका, ओरडलात की आवाजाच्या रोखानं गोळी येते. तो स्वतः खड्ड्याखड्ड्यातनं फिरायचा आणि त्याच हळू आवाजात सांगायचा की वीस लाख अमेरिकन आपल्याला सोडवायला निघालेत. मॅकमर्ट्रीच्या गुडघ्याला जखम झालेली, तरी तोही फिरत होता.

विमानांनी खाण्याचे गठ्ठे टाकले. झाडीत माणसं दिसेनात, गठ्ठे जर्मनांच्या हद्दीत पडले. ६ तारखेला एक विमान मुद्दाम खाली आलं, म्हणजे गोळीबार कुठनं होत नाही ते बघून यांची जागा हुडकता येईल. ते पाडलं गेलं आणि गॉटलर आणि ब्लेकली हे त्यातले दोघं वैमानिक मेले.

इथं मी लेकीला थांबवलं. म्हणालो, "हे मी ऐकलंय." ती म्हणाली, "कुठं?" म्हटलं, आपल्याच घरात.

कुत-अल-अमारा. इराकातलं टायग्रिस नदीच्या वळणावरचं गाव. तिथं जनरल टाउनशेंडच्या हाताखालची सहावी डिव्हिजन तुर्कांनी कोंडली. तिला पूना डिव्हिजन म्हणायचे आणि तिच्यात १०३ वी आणि ११० वी मराठा पलटण होती. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने. तिथंही शेवटी विमानातनं धान्य टाकलं, त्यातलं काही नदीत पडलं, काही तुर्कांच्या खंदकात. माझी आजी, म्हणजे त्या थोरल्या भावाची भावजय, सांगायची की परत आलेल्या एका शिपायानं घरी येऊन सांगितलं, आभाळातनं पोतं पडायचं आणि आमच्या डोळ्यादेखत दुश्मन उचलायचा. मला लहानपणी ती म्हातारीची थाप वाटायची. आभाळातनं कुठं पोतं पडतं? थाप नव्हती ती.

कुतला टाउनशेंड शरण गेला. तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली. जनरलसाहेबाला तुर्कांनी इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात पाहुण्यासारखं ठेवलं, आणि शिपाई वाळवंटातनं चालवत नेले, रेल्वेच्या कामावर लावले. वाटेत आणि कामावर हजारो मेले. त्यात आमचाही. टाउनशेंड परत गेला, १९२० साली पार्लमेंटात निवडूनसुद्धा आला. शरण जाणं चूक असं मी म्हणत नाही. भुकेली माणसं किती दिवस मारायची? पण नंतरचं जे जगणं आहे, ते दोघांचं दोन तऱ्हेचं झालं, म्हणून हे इथं घातलं. आता परत आर्गोनला जातो.

७ ऑक्टोबरला काही पोरं हुकूम नसताना विमानातनं पडलेलं खाणं आणायला गेली. काही मेली, काही धरली गेली. धरलेल्यांपैकी हॉलिंग्जहेड नावाच्या जखमी पोराला जर्मनांनी हातात पांढरं फडकं आणि एक पत्र देऊन परत धाडलं. पत्र लिहिणारा जर्मन अधिकारी प्रिन्त्स लढाईआधी काही वर्षं अमेरिकेत राहिलेला, त्यामुळं इंग्रजी चोख. तुमच्या जखमींचं कण्हणं आम्हाला इथवर ऐकू येतं, माणुसकी म्हणून शरण या, असा मजकूर. पत्र आणणाऱ्या पोराला कमी लेखू नका, तो शूर आहे, असंही त्यात होतं. कसायानं लिहिलेलं पत्र नव्हे ते. चांगल्या माणसानं लिहिलेलं होतं, आणि म्हणूनच अवघड.

व्हिटलसीनं वाचलं, मॅकमर्ट्री आणि होल्डरमनला दाखवलं. पुढं अमेरिकेच्या वर्तमानपत्रांनी छापलं की त्यानं 'जा मसणात' असं तोंडावर उत्तर दिलं. त्यानं स्वतः सांगितलं की मी काहीच उत्तर दिलं नाही. एक गोष्ट मात्र केली. विमानांना खूण म्हणून जमिनीवर पांढरी कापडं पसरली होती, ती लगोलग काढून घ्यायला लावली. लांबून कुणाला ती शरणागतीची निशाणी वाटू नये म्हणून. मला विचाराल तर कुठल्याही शिवीपेक्षा हे उत्तर वकिलाला शोभणारं.

त्यानंतर जर्मनांनी आगीचे फवारे घेऊन हल्ला केला. तोही परतवला. त्याच दिवशी अब्राहम क्रोटोशिन्स्की नावाचा पोलंडचा ज्यू पोरगा, धंद्यानं न्हावी, जर्मनांच्या मधनं सरपटत बाहेर पडला आणि मदतीच्या तुकडीला घेऊन आला. त्याच्या आधी गेलेले कित्येक परतले नव्हते. या न्हाव्याचं पुढचं सांगायचा मोह आवरत नाही. युद्धानंतर तो पॅलेस्टाइनला जाऊन शेती करायला लागला. शेती बुडाली. मग परत अमेरिकेत येऊन पोस्टात नोकरीला लागला. जर्मनांतनं निघाला पण शेतीतनं तरला नाही, हे वाचून मला जरा बरंच वाटलं.

७ तारखेला रात्री वेढा सुटला. साडेपाचशेतले स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आले १९४. दुसऱ्या दिवशी डिव्हिजनचे जनरलसाहेब बघायला आले. झाडी बघून म्हणाले, विमानांना ही जागा का सापडली नाही ते आता कळलं. तर खड्ड्यातला एक शिपाई म्हणाला, साहेब, तोफांना मात्र बरोबर सापडली.

वर्तमानपत्रांनी त्यांना 'हरवलेली बटालियन' नाव दिलं. ती हरवलेली नव्हती, जिथं असायला सांगितलं होतं नेमकं तिथंच होती. व्हिटलसी लेफ्टनंट कर्नल झाला. अमेरिकेतलं सगळ्यात मोठं शौर्यपदक, मेडल ऑफ ऑनर, त्याला, मॅकमर्ट्रीला आणि होल्डरमनला मिळालं. व्हिटलसीला ते २४ डिसेंबर १९१८ ला बॉस्टनच्या मैदानात दिलं.

मग तो परत न्यूयॉर्कला येऊन वकिली करायला लागला. करू दिली तर ना. रोज कुणाचा तरी सत्कार, कुठं तरी भाषण. १९१९ साली त्या वेढ्याचा सिनेमा निघाला आणि त्यात त्याला आणि इतरांना स्वतःचीच कामं करायला लावली. ऑफिसात एखादा जुना शिपाई नोकरी मागायला यायचा, एखाद्या मेलेल्या पोराची आई यायची, विधवा यायची. कुणाला त्यानं परत धाडलं नाही. इस्पितळात जखमींना भेटायला जायचा, अंत्ययात्रांना जायचा, रेडक्रॉसचं काम अंगावर घेतलेलं. भाषणात स्वतःविषयी बोलायचा नाही, पोरांचं सांगायचा. घरी रात्री झोप नव्हती. जखमींचं ओरडणं कानात यायचं, असं तो जवळच्यांना बोलला होता.

आपल्याकडं माणूस लढाईतनं आला की देवाला नारळ फोडतात, जेवण घालतात आणि कामाला लावतात. 'काय झालं रे तिथं' असं पुन्हा कुणी विचारत नाही. मला ते नेहमी निष्ठुर वाटायचं. या माणसाला रोज कुणी ना कुणी विचारत होतं, टाळ्या वाजवून विचारत होतं, ते त्याहून निष्ठुर वाटलं.

११ नोव्हेंबर १९२१. अमेरिकेनं अनाम सैनिकाचं थडगं बांधलं, वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टनला. फ्रान्समधनं ओळख न पटलेलं एक प्रेत आणलं आणि राष्ट्राध्यक्षांसमोर मोठ्या इतमामानं पुरलं. त्या सोहळ्यात मान म्हणून नामांकित वीरांना बोलावलं होतं. त्यात व्हिटलसी होता, मॅकमर्ट्रीही होता. तिथं व्हिटलसी त्याला म्हणाल्याचं सांगतात, की मी यायला नको होतं, या पेटीत माझ्याच पोरांपैकी कुणी आहे का, हे डोक्यातनं जात नाही.

हे ऐकल्यावर मी लेकीला म्हणालो, आज इथंच थांब. उद्या सांग.

दुसऱ्या दिवशीचं थोडंच होतं. आर्लिंग्टनच्या सोहळ्याला पंधरा दिवस झाले होते. २६ नोव्हेंबरला तो न्यूयॉर्कहून हवानाला जाणाऱ्या 'तोलोआ' बोटीत बसला. घरच्यांना सांगितलं नव्हतं. घरमालकिणीला डिसेंबरचं भाडं आगाऊ देऊन ठेवलेलं. ऑफिसातल्या कामाचे कागद लावून ठेवलेले. मृत्युपत्र केलेलं, सगळं आईच्या नावे. बोटीवर रात्री कॅप्टनच्या टेबलावर जेवला, नंतर एका प्रवाशाबरोबर गप्पा मारत बसला, सव्वाअकराच्या सुमारास झोपायला जातो म्हणून उठला. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही. सकाळी खोलीत नातेवाइकांना आणि मित्रांना लिहिलेली पत्रं सापडली, आणि सामानाचं काय करावं याची कॅप्टनला लिहिलेली चिठ्ठी. समुद्रात देह मिळाला नाही. वय सदतीस.

त्या जर्मन अधिकाऱ्याचं शरण येण्याविषयीचं मूळ पत्र त्यानं तीन वर्षं जपून ठेवलं होतं. ते मॅकमर्ट्रीला द्यावं असं लिहून ठेवलेलं.

माझी लेक म्हणाली, "अण्णा, त्यानं चूक काय केली होती? हुकूम वरचा. हरकत घेतली होती."

मी काही बोललो नाही. पण मला जे वाटतं ते लिहितो, चुकलं तर चुकलं. पुढं जायचा हुकूम वरचा होता, तो त्याच्यावर नव्हता. पण 'कुणी मागं सरायचं नाही' ही चिठ्ठी त्याच्या हातची होती. आणि पत्र आलं तेव्हा उत्तर न देणं, तेही त्याचंच. दुसरा कुणी म्हणाला असता, माझ्यामुळं १९४ वाचले, लढाई जिंकली, पदक मिळालं. वकील माणूस दोन्ही बाजू मांडून बघतो. तो रोज रात्री उरलेल्यांची बाजू मांडत बसला असणार, आणि त्यांच्या बाजूनं साक्षीला कुणी जिवंत नाही. एका मित्राला लिहिलेल्या शेवटच्या पत्रात त्यानं स्वतःला कुठंच न बसणारा माणूस म्हटलंय. लढाईविषयी त्यात तक्रार नाही, जनरलविषयी शब्द नाही.

तो मामा सकाळी चहाला बसल्यावर म्हणाला, "मग? पळाला का न्हाई तुझा वकील?" तिनं सांगितलं, न्हाई. त्यावर तो गप्प बसला, आणि जरा वेळानं म्हणाला, "पळाया पायजे हुता."

जाताना मी लेकीला एक काम सांगितलं. युद्धात मेलेल्यांची नोंद ठेवणारं ब्रिटिशांचं एक खातं आहे, त्यांच्या यादीत आमच्या माणसाचं नाव सापडतं का बघ. आजोबांच्या भावाचं नाव, बापाचं नाव, मराठा पलटण, एवढं लिहून दिलं. महिन्याभरानं तिचा फोन आला. त्या नावाचे तिघं सापडले. तिघेही मराठा पलटणीचे, १९१६ सालचे. एकाच्या बापाचं नाव लागलेलं नाही, दुसऱ्याच्या गावाच्या नावाचं इंग्रजी अक्षर असं आहे की ते आमचंही असू शकतं आणि वाईकडच्या एका गावाचंही. तिसऱ्यापुढं नुसता नंबर.

"यातला आपला कुठला धरायचा, अण्णा?" ती म्हणाली.

मी म्हटलं, तिन्ही लिहून ठेव.